कंपनीचे सत्तावीस

गाडीत बसले की ते आधी उजव्या पायातली चप्पल काढायचे. ती सीटखाली सारायची, पायाचा अंगठा ॲक्सिलरेटरवर नुसता टेकवायचा आणि शेजारी बसलेल्याला सांगायचं, "हे अंगठ्याचं काम हाय, टाचेचं नाय." एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा, अशा अवतारात कर्जतच्या पेट्रोल पंपावर उतरलेला माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर ते आमचे शेजारी. अख्खी गल्ली त्यांना ॲव्हरेजकाका म्हणायची. तोंडावरसुद्धा.

माझं झेरॉक्सचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे गल्लीत कोण आलं नि कोण गेलं हे मला मान वर न करता कळतं. काका मूळचे कडावचे. खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी झाली, रिटायर झाले आणि जुनी खडखडती डिझेल गाडी काढून त्यांनी हायब्रिड घेतली. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. हळू चालवली की इंजिन आपोआप बंद होतं आणि गाडी गुपचूप बॅटरीवर सरकत राहते. कंपनीने सांगितलं होतं, लिटरला सत्तावीस. काकांना पडायचे तेवीस.

"मग चार गेले कुठं?" ते विचारायचे. मला विचारायचे, दूधवाल्याला विचारायचे, आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या अनोळखी बाईलाही विचारायचे.

त्या चारांच्या शोधात माणसाने काय काय केलं म्हणता! एसी बंद. काचा उघडल्या की वारा अडतो म्हणून काचाही बंद. बरोबर जाणारे आम्ही घामाने निथळत उतरायचो. डिकीत छत्रीसुद्धा ठेवायची नाही. कडावला भावाने नव्या तांदळाचं पोतं काढून ठेवलं, तर हे म्हणाले, "गाडीत नको रं, ॲव्हरेज पडतो." ते पोतं टेंपोने आलं. टेंपोत जळलेलं डिझेल काका हिशेबात धरत नसत. एकदा खंडाळ्याला कुणाच्या तरी मुंजीला गेले आणि परतताना बोरघाट उतरून खोपोलीत आले, तेव्हा स्क्रीनवर नव्व्याण्णव दिसले. त्याचं वर्णन आम्ही महिनाभर ऐकत होतो.

"आणि घाट चढताना किती होता, काका?"

"चढण धरायची नाय."

काकींना या सगळ्यातलं काही दिसत नव्हतं. अगदी खरोखर दिसत नव्हतं. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू चालली होती. ओट्यावर बसून त्या पावलांवरून माणूस ओळखायच्या. जुन्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की उठून चहाचं आधण ठेवायच्या, आणि काका पायरी चढेपर्यंत चहा उकळलेला असायचा. नव्या गाडीने ती सोय मोडली. काकांना मात्र त्याचंच कौतुक. "दारात येऊन उभी राहते, तरी हिला पत्ता नाय!"

एकदा ते असेच आले आणि स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "आलो गं." काकी दूध उतरवत होत्या. त्या दचकल्या आणि पातेलं हातावर कलंडलं. भांड्याचा आवाज ऐकून मी धावलो. काका त्यांचा हात नळाखाली धरून उभे होते. चेहरा पांढराफटक. भाजलं होतं काकींना, आणि समजूत त्याच घालत होत्या, "एवढं काय नाय झालं ओ. तुमी आल्याचं कळलंच नाय मला."

त्यानंतर काकांची गाडी बिघडली. निदान आम्हा गल्लीतल्या जाणकारांचं तसं मत झालं. एरवी मांजरासारखी येणारी गाडी माझ्या दुकानापाशी थांबायची, जोरात घर्र करायची आणि तशीच गुरगुरत दारापर्यंत जायची. कुणी म्हणालं बॅटरी गेली, कुणी म्हणालं उंदरांनी वायर खाल्ली. ॲव्हरेज तेवीसचा वीस झाला, मग एकोणीस. विचारलं की काका हात उडवून म्हणायचे, "कंपनी खोटं बोलते, भाऊ. कसले सत्तावीस!" त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून समोरच्या सोनाराने हायब्रिड घ्यायचा बेत रद्द केला.

मग एकदा त्यांच्याबरोबर पनवेलला जायचा योग आला. काकींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि मला झेरॉक्सची शाई आणायची होती. काकी पुढे, मी मागे. मी सवयीने काकांच्या पायाकडे पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती.

चौक गाव सोडलं आणि लोधिवलीच्या जवळ ट्रॅफिक तुंबलेलं. गाडी थांबली, तसं इंजिन बंद पडलं. आत एकदम सामसूम झाली. काकींनी डॅशबोर्डवर हात टेकला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "बंद पडली का ओ?"

काकांनी डावा पाय ब्रेकवर रोवला आणि उजव्या पायाने, टाचेसकट, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन घर्रकन जागं झालं. गाडी तसूभरही हलली नाही.

"चालू हाय गं. चालू हाय."

काकींनी हात मांडीवर घेतला. गाडी पुढे सरकली, थांबली. इंजिन निजलं, काकांनी ते पुन्हा जागं केलं. "चालू हाय गं." स्क्रीनवरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरत होता. काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पकडलं हे त्यांना समजलं होतं. "कंपनीला फोन करायला पायजे," ते मोठ्याने म्हणाले.

"अवो, मग करा ना," काकी म्हणाल्या. "मापात फसवतात म्हणजे काय!"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला हसू येत होतं, पण ते आरशात दिसू द्यायचं नव्हतं. गल्लीत मी हे कुणाला सांगितलं नाही. सोनारालाही नाही.

काकी गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेल्या. त्यानंतर काकांची गाडी दुरुस्त झाली, असं गल्लीतले जाणकार म्हणतात. घरी पोचायची घाई नसल्यासारखी ती सावकाश सरकत येते आणि कोपऱ्यावरून कधी वळली ते मला समजत नाही. मान वर करावी तर ती दारात उभी असते आणि काका आत तसेच बसून असतात. उतरायला त्यांना वेळ लागतो.

परवा ते वीजबिलाची झेरॉक्स काढायला आले होते. दुकानात एक तरुण गिऱ्हाईक होतं, नवी गाडी घ्यायच्या विचारात. बाहेरची गाडी बघून त्याने काकांना विचारलं, "हायब्रिड ना? खरं सांगा काका, ॲव्हरेज किती पडतो?"

मी मशीन थांबवलं. म्हटलं, आता अंगठा, टाच, घाट, तांदळाचं पोतं, सगळं येणार.

"सत्तावीस," काका म्हणाले.

"म्हणजे कंपनी सांगते तेवढाच?"

"हा. तेवढाच." त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कंपनी खोटं बोलत नव्हती, भाऊ."