माझी डावी करंगळी आणि दोन तुकड्यांचा कीबोर्ड

"ही करंगळी तुम्ही बाजूला ठेवलीय, की तिची तीच गेलीय?"

नांदेडच्या डॉक्टर मॅडमनी हे विचारलं तेव्हा माझे दोन्ही पंजे त्यांच्या टेबलावर पालथे होते. डावी करंगळी रुसलेल्या जावयासारखी बाकीच्या बोटांपासून फटकून बसली होती. मी तिला आत ओढायला गेले, पण ती आली नाही. बोट माझंच होतं आणि ते माझं ऐकत नव्हतं. मी घाबरले.

मॅडमनी नाव सांगितलं : क्युबिटल टनेल सिंड्रोम. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, ती नस म्हणजे अल्नर नर्व्ह. कोपराच्या आतल्या बाजूला एका अरुंद खाचेतून ती जाते. तिथे ती दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होतं, आणि पुढे पकडही जाते.

मी लातूरला घरी बसून कोचिंग क्लासेसचे पेपर टाइप करते. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही. लातुरात परीक्षेचा हंगाम म्हणजे बारा महिने, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. लग्नानंतर मी स्वतःचं म्हणावं असं हे एकच उभं केलं होतं. मॅडम म्हणाल्या, "टायपिंग सध्या बंद. पुढे करता येईल का, ते नस ठरवेल." मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही. माझ्या कामाचं ठरवणारी ही नस कोण?

खरं तर नसेने आधीच सांगून पाहिलं होतं. सकाळी उठल्यावर मुंग्या यायच्या, पिठाचा डबा हातातून निसटायचा. मी म्हणायची, झोपेत हात अंगाखाली आला असेल. दुखणं अंगावर काढणं हा आम्हा बायकांचा आवडता छंद.

मग तपासणी झाली, नर्व्ह कंडक्शन स्टडी. हातावर तारा चिकटवून विजेचे बारीक झटके देतात आणि नस निरोप किती वेगाने पोचवते ते मोजतात. भिण्यासारखं काही नाही, पण बाहेर बाकड्यावर वाट बघताना जास्त त्रास होतो. माझ्या शेजारच्या आजोबांनी त्यांच्या गुडघ्याची सगळी कथा ऐकवली, ते एक बरं झालं.

रिपोर्ट बघून मॅडम म्हणाल्या, "स्नायू अजून झिजलेला नाही. झोपताना पट्टा बांधून कोपर सरळ ठेवा, टेबलावर टेकवू नका, कोपराचा व्यायाम करा, फोन कानाला लावून तासन्‌तास बोलू नका. काही महिने बघू. फरक पडला नाही तर ऑपरेशन करून नस मोकळी करावी लागेल."

मी विचारलं, "आणि मी कीबोर्डच बदलला तर?"

"कीबोर्ड म्हणजे औषध नाही," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही हात आखडून एका फळीवर टाइप करण्यापेक्षा खांद्याएवढे मोकळे ठेवता आले तर चांगलंच आहे."

मी ते वाक्य पदरात बांधून घेतलं.

माझी थोरली नणंद, शोभाताई, कंधारला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते. विश्रांतीचे दिवस मी तिच्याकडे काढले. तिथेच मी मधोमध दुभंगलेल्या कीबोर्डची माहिती वाचली. त्याचे दोन तुकडे असतात, एकेका हाताला एकेक, मध्ये फक्त एक वायर. तुकडे पाहिजे तेवढे लांब ठेवायचे, तिरपे करायचे. तयार मिळतात ते महाग आणि माझ्या हाताला मोठे. सुटे भाग मागवून घरी जोडता येतो, हेही कळलं.

ताईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "वहिनी, डॉक्टरनं आराम सांगितलाय का कारखाना काढायला सांगितलाय?"

"ताई, तू शिकवणार का न्हाई, तेवढं सांग."

"शिकविते की. पर रडायचं न्हाई."

पार्सल आलं. सर्किटच्या हिरव्या पाट्या, बटणांखालचे स्विच, आणि तुरीच्या दाण्याहून बारीक डायोड. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा हा भाग प्रत्येक बटणाला एक लागतो. ताईने कथलाचे टाके घालायचं सोल्डरिंग मशीन उजव्या हातात दिलं, पाटी डाव्या हाताने धरायला सांगितली. पहिले टाके ओबडधोबड झाले. ताईने ते वितळवून काढले आणि परत करायला लावले. माझी कुठलीही तक्रार तिने ऐकून घेतली नाही.

एका दुपारी कसला तरी वास आला. मला वाटलं पाटी जळतेय. तेवढ्यात ताई ओरडली, "वहिनी, बोट! बोट जळून राहिलं तुमचं!"

तापलेलं टोक माझ्या डाव्या करंगळीला टेकलेलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. ताईने माझा हात ओढून पाण्याखाली धरला. रडायचं नाही म्हणणारी ताईच रडत होती. मीही रडले. भाजलं म्हणून नाही, काही जाणवलंच नाही म्हणून. त्या दिवसापर्यंत मी आजाराला थोडी सूट देत होते. त्यानंतर दिली नाही.

डॉक्टर मॅडम फोनवर चांगल्याच रागावल्या. "जिथे संवेदना नाही तिथे डोळ्यांनी राखण करायची. हे मी वेगळं सांगायला हवं का?" तुमच्यापैकी कुणाला हा आजार असेल तर चूल, इस्त्री, विळी यांच्याजवळ बधिर बोटाकडे बघत काम करा. हे वाक्य मी माझ्या खर्चाने शिकले आहे.

पाटी धरायला ताईने चिमटा लावून दिला आणि काम पुढे चाललं. मला सोडून द्यायचं नव्हतं.

कीबोर्ड तयार झाला, दिवे लागले. मी कौतुकाने पहिला शब्द टाइप केला, हाड. "हा" उमटला आणि पुढे काहीच नाही. आपल्या मराठीच्या मांडणीत ड असतो इंग्रजीच्या चौकटी कंसाच्या बटणावर, अगदी उजव्या टोकाला. मी इंटरनेटवरून ज्या इंग्रजीवाल्यांचा आराखडा उतरवला होता, त्यांना तो कंस क्वचित लागतो, म्हणून त्यांनी ते बटणच गाळलं होतं. जीवशास्त्राचे पेपर टाइप करणारी बाई, आणि तिच्याकडे हाडाला ड नाही! ताई पोट धरून हसली.

ते निस्तरणं सोपं होतं. अशा कीबोर्डात कोणतं बटण काय उमटवेल हे आपणच ठरवतो. कोपऱ्यातलं खोडायचं बटण मी उजव्या अंगठ्याखाली आणलं आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या जागी ड बसवला. खरी चूक पुढेच होती. मॅडमनी थोडं थोडं टाइप करायला परवानगी दिली आणि आठवड्याभरात मुंग्या परत आल्या. एवढा खटाटोप करून पुन्हा तेच.

मी चिडले, पण चिडून बसले नाही. एक जुना पेपर समोर ठेवला आणि स्क्रीनऐवजी डाव्या हाताकडे बघत टाइप केला. दर प्रश्नाची सुरुवात "खालीलपैकी". ख ला शिफ्ट. घ, थ, ध, भ, श, सगळ्यांना शिफ्ट. ही अक्षरं उजव्या हाताची, म्हणून टायपिंगच्या शाळेत शिकवल्याप्रमाणे शिफ्ट डाव्या करंगळीने. इंग्रजी लिहिणारा वाक्याला एकदा शिफ्ट दाबतो, मराठी लिहिणारी बाई ओळीत कितीतरी वेळा. कोपर मी मोकळं केलं होतं, पण राबवत होते त्याच आजारी बोटाला. परक्याच्या हाताचा आराखडा मी माझ्या हाताला चढवला होता.

त्याच दिवशी शिफ्ट डाव्या अंगठ्याखाली आणली. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "करा, पण अंगठ्यालाही सुट्टी द्या. नाहीतर तोच पेशंट घेऊन याल."

मग खरी परीक्षा सुरू झाली. इतक्या वर्षांची सवय बोटांत मुरलेली. करंगळी आपोआप खाली धावायची. मी बालवाडीतल्या पोरासारखी एकेक अक्षर शोधत होते. एका परिच्छेदाला अर्धी सकाळ जायची. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, घर चालतंय की आपलं." घर चालत होतं, मी चालत नव्हते. ते त्याला कळायला वेळ लागला, पण कळलं. सकाळची भाकरी त्याने स्वतःकडे घेतली. त्या भाकऱ्यांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

पावसाळा सरता सरता पुन्हा नांदेडला गेले. नसेचा वेग सुधारला होता. मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशन आत्ता नको. पण करंगळीचं टोक पूर्ण परत येईल असं मी सांगू शकत नाही." म्हटलं, चालेल. हे कीबोर्डमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पट्टा, व्यायाम, विश्रांती आणि मॅडमचं रागावणं, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. शोभाताईचा तर सर्वांत मोठा. हात तुमचा असेल तर त्याचं दुखणं डॉक्टरांना दाखवा, आणि काम करताना तो काय करतो ते स्वतःही बघा. हे बघणं दुसरं कुणी करून देत नाही.

गेल्या आठवड्यात क्लासचे सर कागदांचा गठ्ठा घेऊन आले. टेबलाकडे बघून दारातच थांबले.

"म्याडम, हे काय मोडून ठेवलंय?"

"मोडलं न्हाई, सर. माझ्या मापाचं हाय."

"बरं. पेपर उद्या सकाळी पाहिजे. पोरं बसणार हायती."

"उद्या न्हाई जमणार."

हे मी त्यांना कधीच म्हटलं नव्हतं. त्यांनाही ऐकायची सवय नव्हती.

"मग दुसरीकडं देऊ का?"

इतक्या महिन्यांची धडपड याच कामासाठी होती, आणि ते दारातून परत निघालं होतं. तरी म्हटलं, "द्या, सर. रातोरात पाहिजे असंल तर दुसरीकडंच द्या."

सर गठ्ठा चाळत उभे राहिले. मग पुटपुटले, "दुसऱ्यानं मागच्या बारीला प्रश्नाखाली उत्तरंच छापली की हो." आणि मोठ्याने, "परवा तरी व्हईल का?"

"परवा सांजच्याला."

त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि गेले. मी दार लावलं. पूर्वी अशा वेळी उभ्या उभ्याच पहिला प्रश्न टाइप करायला घेतला असता. मी कोपराचा व्यायाम केला. चहा ठेवला. तो खुर्चीत बसून, गरम असताना प्यायले. पेपर परवाचा होता.