कढीपत्ता बाहेर काढायची घाई

वेस्ट विंडसरकरांनो, माझा कढीपत्ता गेला. मीच मारला.

काल इथल्या ऐन थंडीच्या फेब्रुवारीत चक्क जॅकेटशिवाय बसता येईल असं ऊन पडलं होतं. ती कुंडी ऑक्टोबरपासून खिडकीत अडकलेली, रोज पानं गळत होती. मला राहवेना. नवऱ्याला म्हटलं, "उचल, मागच्या लाकडी डेकवर ठेवू." तो म्हणाला, "अगं, मे महिन्यापर्यंत थांब की." थांबेल ती मी कसली! ठेवायला लावलीच. संध्याकाळी ऑफिसचा कॉल लांबला आणि कुंडी आत घ्यायची राहून गेली.

सकाळी बघते तर डेकवर पांढरं दंव गोठलेलं आणि सगळी पानं काळी पडून लोंबलेली. खोड नखाने खरवडून बघितलं. आत कुठेच हिरवं नाही. लेक शाळेला निघताना म्हणाली, "मॉम, इट्स स्टिल विंटर!" हो बाई, कळलं.

फोटो आपल्या ग्रुपवर टाकला. पोह्यांना, आमटीला, गणपतीच्या जेवणाला तुम्ही सगळे ज्याची पानं तोडून न्यायचात, तेच झाड. पहिला रिप्लाय काय आला? "अरेरे! आता पानं कुणाकडे मिळतील?" त्याखाली लगेच दोघींनी दुसऱ्या कुणाकुणाची नावं सुचवली.

संताप आला यार. पण तुम्हाला तरी काय बोलू? मलाही झाडापेक्षा उन्हाचीच पडली होती.

शनिवारी पुन्हा तसंच ऊन आहे म्हणे. आता कढीपत्ता तर उरला नाही, मग कुणाला बाहेर ठेवू, सांगा?