शेवटचा ड्रम

आमच्या गल्लीत नळ सोडणारा माणूस सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून येतो. परभणीत आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी, त्यामुळं पाव्हण्याची पाहत नाहीत एवढी वाट लोक त्याची पाहतात. त्याला मात्र कसली घाई नसते. व्हॉल्व फिरवला की तो चावीच्या दांड्याला कान लावून आतलं पाणी ऐकतो. "निघालं," म्हणतो. परत जाताना माझ्या दारात थांबून एकच विचारतो, "भरलं का?"

दोन महिन्यांपासून माझा शेवटचा ड्रम अर्धाच राहायला लागला. एकदा मी तणतणत त्याच्या मागं गेलो. आमचं पाणी दहा मिनिटं आधी बंद करून हा गडी महापालिकेच्या शाळेचा व्हॉल्व उघडत होता.

"हे कुणाच्या हुकमानं?"

दांड्यावरचा कान न काढता तो म्हणाला, "हुकूम कुणाचाच न्हाई, काका. गल्लीचं चालू असलं की शाळेच्या टाकीत पाणी चढंना. संडासात पाणी न्हाई म्हणून पोरी दुपारीच घरी जायल्यात, परत येईनात. तुमी माझ्यावर अर्ज करा. फकत टाकी भरंस्तोवर थांबा."

मी थांबलो. त्यानं खुणेनं जवळ बोलावलं. मीही दांड्याला कान लावला. आत पाणी चढत होतं.

पुढच्या पाळीला तो दारात थांबला. "भरलं का?"

अर्ध्या ड्रमवर झाकण ठेवत मी म्हणालो, "भरलं."