झेडवाली

“कान नाही म्हणतोय.”

एवढं बोलून ती पेन्सिल केसांत खोचायची, डोळे मिटायची आणि समोरची ओळ पुन्हा पुटपुटायची. ओळ कसली, तर बहुतेक वेळा गाद्यांच्या सेलची नाहीतर पिझ्झाच्या मेनूची. ॲन आर्बरच्या आमच्या छोट्या छापखान्यात ती प्रुफं तपासायची आणि मी अक्षरजुळणीच्या मशीनवर बसायचे. चीज आणि मशरूम यांच्या क्रमावरून तिने मालकाशी भांडण केल्याचं मी स्वतः पाहिलंय. ‘मशरूम’ आधी आलं की कानाला बरं लागतं, असं तिचं म्हणणं. शेवटी मशरूम आधीच छापलं गेलं.

ती कॅनडाची. तिकडच्या गव्हाच्या सपाट मुलखात वाढलेली. नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आली, नवरा पुढे दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या बाईकडे गेला, ही राहिली. पोटासाठी प्रुफं आणि बाकी सगळा जीव कवितेत. माझ्याहून चांगली पंधरा-वीस वर्षांनी मोठी, म्हणजे खरं तर मी तिला ‘त्या’ म्हणायला हवं. पण इंग्रजीत सगळेच एका पंगतीला, त्यामुळे ती मनातही ‘ती’च झाली.

आमची गट्टी जमली ती माझ्या आडनावामुळे. मी जळगावकडची, सासरची झोपे. नवी असताना फोनवर कागदवाल्याला नाव सांगत होते, “झेड, ओ, पी, ई.” पलीकडचा म्हणे, “काय? कुठलं अक्षर?” मी पुन्हा, “झेड!” छापखान्यातली पोरं खुदूखुदू हसायला लागली, कारण अमेरिकेत त्या अक्षराला ‘झी’ म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात मागच्या टेबलावरून खणखणीत आवाज आला, “बरोबर बोलतेय ती. आमच्याकडे कॅनडातही झेडच म्हणतात. तुम्हीच चुकताय.”

जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. झोप, म्हणजे झोपणं, असं सांगितल्यावर ती इतकी हसली की तिच्या हातातलं सँडविच पडलं. इथल्या चित्रकथांत माणूस घोरताना डोक्यावर झेडांची ओळ काढतात, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी तिची ‘मिसेस झेड’. तिचंही आडनाव त्याच अक्षराने सुरू व्हायचं. ते मी इथे सांगत नाही. तिला आवडलं नसतं.

पन्नाशी उलटली तरी तिचं धड पुस्तक नव्हतं. मासिकांतून कविता यायच्या, दोन पातळ पुस्तिका निघाल्या होत्या, बस्स. आणि एक दिवस ती बर्फ झटकत आत आली ती नाचतच. पूर्वेकडच्या एका मोठ्या प्रकाशकाने तिचा संग्रह घेतला होता. मालकाने सगळ्यांना डोनट आणले. मी दुसऱ्या दिवशी डब्यातून शिरा नेला.

चारेक महिन्यांनी प्रकाशकाकडून दुरुस्त्या आल्या. ‘कलर’मधला यू उडवलेला, तो तिने चालवून घेतला. मग एका कवितेपाशी थांबली. पेन्सिल केसांत गेली नाही, तशीच हातात राहिली.

ती कविता तिच्या वडिलांवर होती. ते युक्रेनहून आलेले शेतकरी. इंग्रजी अक्षर येत नव्हतं, सहीऐवजी फुली मारायचे. एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, तेव्हा शाळेत जाणाऱ्या या मुलीने त्यांना रोज एक अक्षर शिकवायचं ठरवलं. गंमत अशी, की त्यांचं आडनाव शेवटच्या अक्षराने सुरू होणारं. बाकी सगळी अक्षरं हातात आली तरी नाव काही लिहिता येईना. “माझा नंबर कधी?” असं ते रोज विचारायचे. नंबर लागला, त्यांनी पाटीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याच आठवड्यात ते गेले. कवितेच्या शेवटच्या दोन ओळी ‘बेड’ आणि ‘झेड’ या यमकावर मिटत होत्या. संपादकाने तिथे ‘झी’ केलं होतं. वाचकाला अडखळायला होईल, म्हणे.

“माझ्या बापाने ‘झी’ हा शब्द जन्मात उच्चारला नाही,” ती म्हणाली. “कान तर नाही म्हणतोच आहे, पण मीही नाही म्हणते.”

मी तिला रविवारी जेवायला बोलावलं. आमच्या ह्यांनी वरण वाढता वाढता विषय काढलाच. “एवढा मोठा चान्स! एका अक्षरासाठी कोणी पुस्तक कॅन्सल करतं का?” असं तिला इंग्रजीत विचारून झालं, आणि माझ्याकडे वळून मराठीत, “अगं, अडला हरी, दुसरं काय! तू तरी कन्व्हिन्स कर ना तिला.”

“अहो, पुण्यात शिकलात ना तुम्ही?” मी म्हटलं. “एका अक्षराने काय होतं ते मी सांगायचं तुम्हाला? ध चा मा विसरलात?”

आम्ही कशावरून भांडतोय ते ऐकायला ती सरसावली. मी तिला सांगितलं: पेशवाईत एका हुकुमात ‘धरावे’ असं लिहिलेलं होतं, कुणीतरी ध पुसून तिथे मा केला, आणि पकडायचा तो माणूस मारला गेला. तिने चमचा खाली ठेवला. “एका अक्षराने?” “एकाच.” तिला ती गोष्ट भाजीपेक्षा जास्त आवडली असावी, कारण ताटातली भाजी तशीच राहिली.

मग तिने आमच्या मुलीला जवळ घेऊन आडनाव स्पेल करायला सांगितलं. मुलगी दुसरीत. “झी, ओ, पी, ई! दॅट्स ईझी, मावशी.” मी ओशाळले. पण ती तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “हिचं बरोबर आहे. ही इथली आहे, हिची झी खरी आहे. माझ्या वडिलांचा झेड खरा होता. भांडण तेवढंच आहे.”

सोमवारी छापखान्यातूनच तिने संपादकाला फोन लावला. मशीन बंद करून आम्ही सगळे निर्लज्जपणे ऐकत होतो. आधी तिने पूर्ण कविता म्हणून दाखवली, कागदाशिवाय. मग म्हणाली, “माझी एक मैत्रीण आहे. तिच्या देशात एक अक्षर बदललं म्हणून खून झाला होता.” पलीकडच्याला ती धमकी वाटली. त्याला समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले आणि आमची हसून मुरकुंडी वळली. मग त्याने काहीतरी सुचवलं, आणि हसू थांबलं.

“तळटीप? नको. माझ्या बापाला तळटीप लागत नाही.” मग, “नाही, ती कविता काढायचीही नाही. ती काढली तर उरलेलं पुस्तक मी कशाला छापू?” मग पलीकडून शेवटचं उत्तर आलं. “ठीक आहे. मग हस्तलिखित परत पाठवा.”

फोन ठेवला. मालक तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “वेडी आहेस तू.” ती म्हणाली, “असेन,” आणि टेबलावरचं प्रुफ ओढून पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. मोडेन पण वाकणार नाही, असं आपल्याकडे उठसूट कुणीही म्हणतं. खरंच मोडलेलं माणूस मी त्या दिवशी पाहिलं, कारण तिचं बोट त्या ओळीवरून दुपारभर पुढे सरकलं नाही. मला रडू आलं. तिने मलाच रुमाल दिला.

पण ती बसून राहिली नाही. ग्रंथालयात, चर्चच्या तळघरात, कॉफीच्या दुकानात, जिथे बोलावतील तिथे जाऊन ती कविता म्हणायची. इथले लोक शेवटच्या शब्दावर हमखास चुळबुळायचे. कुणी हसायचं, कुणी शेजाऱ्याला विचारायचं. एकदा एका सज्जन गृहस्थाने उठून तिची चूक सुधारून दिली. ती शांतपणे “सॉरी” म्हणाली आणि ती ओळ पुन्हा तशीच म्हणाली.

पुढे ती तिच्या मुलखात परत गेली आणि तिकडच्या एका लहानशा प्रकाशनाने संग्रह काढला. मोठ्या प्रकाशकाकडे झाला असता तसा गाजावाजा काही झाला नाही. आता ती नाही. बातमी कळली तेव्हा मी मशीनवरून उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

पण ती आठवते ती विंडसरच्या त्या दुपारची. डेट्रॉइटच्या नदीपलीकडचं कॅनडातलं ते गाव, तिथे पुस्तकाच्या निमित्ताने तिचं वाचन होतं. मी आणि हे नदीखालच्या बोगद्यातून गाडी काढून गेलो. साधं सभागृह, पंचवीस-तीस माणसं, स्वेटर घातलेल्या म्हाताऱ्या. तिने शेवटी तीच कविता म्हटली. शेवटच्या शब्दापाशी मी सवयीने आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं.

काहीच झालं नाही. कुणी हसलं नाही, कुणी शेजाऱ्याकडे वळलं नाही, कुणाला काही वेगळं ऐकल्यासारखं वाटलंही नाही. ते एक अक्षर होतं आणि ते सगळ्यांचं होतं. पुढच्या रांगेतली एक बाई मात्र कवितेतल्या त्या बापासाठी डोळे पुसत होती, नुसत्या त्या बापासाठी. माझ्या मैत्रिणीने पुस्तकावरून मान वर केली, त्या बाईकडे पाहिलं, आणि माईकसमोरच म्हणाली, “थँक यू. त्यांना एवढंच हवं होतं.”