एकोणीस नंबरचा बैल

संशोधन केंद्रातल्या जनावरांना मर्ल पिकेट कधी नाव देत नसे. तिथला तो रिवाजच होता. नाव दिलं की जीव गुंततो आणि जीव गुंतला की मापात हात सैल सुटतो, हे नव्या लोकांना तीच सांगायची. उत्तर क्वीन्सलँडच्या त्या माळावर तिची बावीस वर्षं एकाच कामात गेली. सकाळी प्रत्येक बैलापुढे गवत तोलून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं झाडून, वेचून पुन्हा तोलायचं. गव्हाणीच्या फटीत अडकलेली काडीसुद्धा ती नखाने काढी.

हे वेड बापामुळे लागलं. ती अकरा वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला होता. गाई दिवसभर वाळकं गवत चघळायच्या, पोटं टम्म दिसायची आणि तरी एकेक गाय खाली बसायची ती उठायचीच नाही. "खातायत की गं," बाप म्हणायचा, "मग मरतायत कशानं?" केंद्रात आल्यावर तिला उत्तर कळलं. त्या गवतात कस नसतो. पोटातले जंतूच उपाशी राहिले तर गवत पचत नाही, नुसतं पडून राहतं. पण हे सांगायला बाप उरला नव्हता.

यंदाही तसाच दुष्काळ होता. उसाच्या मळीत युरिया कालवून दिला तर त्या जंतूंना खाद्य मिळतं आणि जनावर वाळक्या गवतावर तगतं. पण कमीत कमी किती द्यावा, हे डॉ. कीथ होल्बर्न चार बैलांवर पाहत होते. चौघांच्याही डाव्या कुशीला भोक पाडून रबरी बूच बसवलं होतं. बूच काढायचं, हात घालायचा आणि पोटातलं गवत तपासायला घ्यायचं. एकोणीस नंबरला युरिया सगळ्यांत कमी होता.

जूनमध्ये त्याचं बूच बदललं आणि त्याने खाणं टाकलं. दोन दिवस तो गव्हाणीकडे पाठ करून उभा राहिला. मर्लची मुलगी लहानपणी तापात अशीच भिंतीकडे तोंड करून पडायची. तेव्हा घास घेऊन तिच्या उशाशी किती वेळ बसावं लागे! तिसऱ्या दिवशी मर्लने टोपीतून हिरवी, कसदार लसूणघास आणली आणि त्याच्या तोंडाशी धरली. त्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी तो टोपीकडेच बघत होता. औषध म्हणून द्यायचं, बरा झाला की बंद, असं ती स्वतःला सांगत राहिली. बरा झाल्यावरही बंद झालं नाही. चोवीस दिवस ती लसूणघास एकदाही तराजूवर चढली नाही.

मग एके दिवशी होल्बर्न कागद फडकवत गोठ्यात आले. "मर्ल, हा तुझा एकोणीस बघ! युरिया नावापुरता, पण गवत खातोय इतरांइतकंच. म्हणजे एवढंसं पुरतं! सोमवारी पत्रक छापायला देतो."

"म्हातारीच्या हाताला गुण आहे, डॉक्टर," गोठ्यातला डॅरल म्हणाला. "मला भरवलं असतं तर मी मंत्री झालो असतो."

"पोट आहेच तुझं मंत्र्याचं," मर्ल म्हणाली, पण तिची नजर त्या कागदावर होती.

पत्रक शेतकऱ्यांच्या घरोघर जाणार. लोक विश्वासाने तेवढंच देणार आणि त्यांच्या गाई खाली बसणार. बोललं, तर एकोणीस प्रयोगातून बाद. बाद झालेलं जनावर केंद्र पोसत नसे. तीन दिवस तिला भाकरतुकडा गोड लागला नाही. शुक्रवारी ती होल्बर्नच्या दारात उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू? अगं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी ओरडलो तरी असतो."

"ओरडा की."

ते ओरडले नाहीत. "आकडे गेले सगळे. नवा बैल आणून पहिल्यापासून सुरू करायचं."

"करीन मी. पण एकोणीसला घरी नेऊ द्या. कुंपण आहे माझ्याकडे."

"भोकाचं जनावर फाटकाबाहेर जात नाही, मर्ल. हा नियम तूच सगळ्यांना समजावतेस."

"मग इथेच राहू दे. कोपऱ्यात."

"चाऱ्याची गाडी आता महिन्यातून एकदा येते," ते हळूच म्हणाले.

मंगळवारी जनावरांचे डॉक्टर एकोणीसला कायमचं निजवायची सुई घेऊन आले. "तू घरी जा, बये," डॅरल म्हणाला. "मी नेतो त्याला."

"तुझ्यामागे यायचा नाही तो. मग काठी उगारशील."

ती पुढे चालू लागली. दोर लागला नाही, हाक लागली नाही. एकोणीस तिच्यामागून जनावर जखडायच्या लोखंडी खोड्यात शिरला आणि रोज नमुना काढताना उभा राहायचा तसा निमूट उभा राहिला.

मर्लने त्याच्या डाव्या कुशीवर तळहात ठेवला. आत पोट एकदा वळलं, थांबलं, पुन्हा वळलं. सकाळचं गवत पचत होतं.

"बाई, झालं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"जरा थांबा," ती म्हणाली. ते थांबले. डॅरलने टोपी काढली. मग तिने हात न काढताच मान हलवली.