मावशीची आचारसंहिता

निवडणूक जाहीर झाली की आमच्या भागीरथीमावशीचा चेहरा खुलतो. उमेदवार कोण, हे तिला धड माहीत नसतं. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकाल लागेपर्यंत घरातली बंदूक बाहेर राहते, एवढंच तिला पुरतं.

बंदूक मावशीच्या यजमानांची, गोपाळकाकांची. अळणावरजवळच्या गावी रानडुकरं भाताची नासाडी करायची, म्हणून परवाना काढलेला. पुढे शेत वाट्याने दिलं आणि दोघं हुबळीत, उणकलला घर बांधून राहायला आली. डुकरं तिकडेच राहिली, बंदूक मात्र इकडे आली. ती कपाटात असते, मावशीच्या साड्यांच्या शेजारी.

काकांनी मावशीवर कधी हात उगारला नाही. नातेवाईक हे कौतुकाने सांगतात आणि मला ते ऐकवत नाही. कारण घरात शब्दाला शब्द लागला की काका उठतात, बंदूक काढतात, मांडीवर आडवी घेतात आणि तेलाच्या फडक्याने पुसायला बसतात. एक अक्षर बोलत नाहीत. नळीचं तोंड कधी स्वयंपाकघराकडे असतं, कधी नसतं. आत काडतूस आहे की नाही, हे मावशीला कधीच कळलेलं नाही. हळूहळू ती भांडायचीच थांबली. लोक म्हणतात, किती गुण्यागोविंदाने नांदतात.

यंदा शेजारच्या कॉलनीत भरदिवसा एका बाईच्या गळ्याला सुरी लावून मंगळसूत्र ओढून नेलं. सकाळी तळ्याकाठी फिरणाऱ्या मंडळींत दुसरा विषयच उरला नाही. पोलीस किती ठिकाणी पुरे पडणार, घरोघरी बंदूक हवी, असं शेषगिरी मास्तरांसारखा मवाळ माणूसदेखील म्हणू लागला. काकांची छाती फुगली. मी एकदा म्हटलं, "काका, त्या बाईकडे बंदूक असती तर तीही चोरानेच नेली असती." काका हसले. "तुमी कॉलेजात शिकवनारी मानसं," म्हणाले, "तुमाला चोर पुस्तकात भेटतो."

त्यातच निवडणूक आली. मावशीचा चेहरा खुलला, पण चारच दिवस. काकांनी अर्ज टाकला, की जीवाला धोका आहे, तेव्हा बंदूक घरीच ठेवू द्यावी.

चौकशीला हवालदार आला तेव्हा मी तिथेच होते. काकांनी चोरीची सगळी हकीकत सांगितली, मागचं दार किती कच्चं आहे तेही दाखवलं. हवालदार लिहीत होता. मावशी चहा घेऊन आली, तेव्हा त्याने विचारायचं म्हणून तिलाही विचारलं, "निमग जीवभय ऐतेनु, अम्मा?" तुमच्या जीवाला भय आहे का?

"ऐति," मावशी म्हणाली. आहे.

काकांनी समाधानाने मान हलवली.

"यारिंद?" कोणापासून?

मावशीने कप खाली ठेवला. मग मराठीत, काकांकडे बघत म्हणाली, "चोर आला तर वरडता तरी येतंय. हे बंदूक पुसाय बसले की वरडाय बी येत न्हाई."

हवालदाराला मराठी कळत असावं, त्याचं पेन थांबलं. "तिचं काय ऐकता," असं काहीसं काका म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. मला आनंद झाला म्हणावा, तर त्याहून भीतीच जास्त वाटत होती.

बंदूक ठाण्यात गेली. निकालानंतर ती परत द्यायची की नाही ते साहेब ठरवतील, असं हवालदार जाताना सांगून गेला. म्हणजे कोणीच काही ठरवलेलं नाही.

मी मावशीची पिशवी भरायला घेतली. विद्यानगरला माझ्या घरी चल म्हटलं, आत्ताच्या आत्ता. तिने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि साड्या पुन्हा कपाटात ठेवल्या. बंदुकीच्या रिकाम्या जागेतही दोन ठेवल्या.

"आत्ता कुठं येऊ ग?" ती म्हणाली. "इतक्या वर्सांचं भांडण राहिलंय."

बाहेर काका रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसले होते. मावशीने पदर खोचला.

"निकाल लागंपर्यंत येळ हाय," ती म्हणाली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली.