नोंदवहीत नसलेली करडं

सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. पन्नाशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर ती गोठ्याकडे बोट दाखवायची. "एवढं मोठं सासर असताना आणखी एक कशाला?"

गोठ्यात एकोणतीस शेळ्या होत्या. सगळ्या पांढऱ्याशुभ्र, आखूड कानांच्या, एकाच जातीच्या. ताईच्या वडिलांनी, अप्पांनी, चाळीस वर्षं हे रक्त राखलं होतं. बाहेरचा बोकड कुंपणाच्या आत येऊ दिला नव्हता. स्वतःच्या पणजोबांचं नाव त्यांना आठवायचं नाही, पण शेळीच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचे. कंबरेचं हाड मोडल्यापासून मात्र ते खाटेवर होते आणि गोठ्याची खबर ताईच्या तोंडून ऐकत होते.

त्या वर्षी खबर देणं जड जायला लागलं. एका शेळीला वाकड्या पायांचं करडू झालं. दुसरीला जुळं झालं, त्यातलं एक मेलेलंच. उरलेल्याचा खालचा जबडा इतका आखूड की सड तोंडात धरता येईना. ताईने त्याला मांडीवर घेऊन चार दिवस बाटलीने पाजलं. पाचव्या दिवशी ते मांडीवरच गेलं. अकरा करडांतली सहा गेली. अप्पांना तिने तीन सांगितली.

चारा बदलून झाला, गोठ्याला चुना मारून झाला. शेवटी तिने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शेळ्यांआधी नोंदवहीच मागितली.

"ताई, हा बोकड या शेळीचा कोण?"

"मामेभाऊ."

"आणि बापाकडून?"

ताई बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली. "सावत्र भाऊ."

"मग रोग कशाला शोधताय? बाहेरचं रक्त आणा. याच जातीचा बोकड मिळाला तर उत्तम. पण मी तरी दहा वर्षांत तुमच्याशिवाय कुणाकडे पाहिला नाही."

शेजारी चुलतभावाची बायको राहायची. तिचा कळप काळा, तांबडा, ठिपक्यांचा. एकीचं तोंड दुसरीला नाही. ताई त्याला 'बारा गावचं पाणी' म्हणून हिणवायची. आता तिच्याच दारात जाऊन बोकड मागायचा म्हणजे जिभेवर निखारा ठेवण्यासारखंच होतं. पण वहिनीने टोमणा मारला नाही.

"न्या की. पण माझ्याकडे सगळं गोडच आहे असं समजू नका हं. पहिली पिढी जोमदार निघते. तिच्या पोटची एक तांब्याभर दूध देते, दुसरी चुळकाभर. तुमच्या शेळीचा भरवसा असतो, तसा माझ्या शेळीचा नाही. सगळ्या शेळ्या त्याला दाखवू नका."

ताईने त्या बोकडासाठी आठ शेळ्या वेगळ्या बांधल्या. पाच महिन्यांनी त्यांना पंधरा करडं झाली आणि तासाभरात सगळी आपापल्या पायांवर उभी राहिली. बहुतेक ठिपक्यांची; दोन मात्र पांढरीशुभ्र.

वर्षाच्या तपासणीला शुद्ध जातीच्या कळपांची नोंदणी करणाऱ्या कचेरीचा माणूस आला, तेव्हा ठिपक्यांची करडं वहिनीच्या आवारात चरत होती. त्याची नजर त्या दोन पांढऱ्या करडांवरच गेली. "काय देखणी आहेत! शुद्ध जातीचा बिल्ला मारू कानात?"

गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं.

"नको. यांचा बाप शेजारचा आहे."

त्याने चिमटा पिशवीत ठेवला. "मग सगळ्या कळपाचीच नोंदणी थांबेल, ताई."

"बाकीच्या वेगळ्या बांधल्या होत्या हो!"

"असतील. पण नियम कळपाला आहे."

तो गेल्यावर ती अप्पांच्या खाटेशी बसली आणि सगळं सांगून टाकलं. मेलेली करडं तीन नव्हती, सहा होती, हेही सांगितलं.

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो." मग भिंतीकडे तोंड वळवून ते म्हणाले, "मीही कुठे सगळी लिहिली? वाकडी झाली ती पुरली. वहीत जगलेलीच आहेत."

"किती पुरलीत, अप्पा?"

त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. त्यानंतर शेळ्यांचा विषयही काढला नाही. दोन महिन्यांनी ते गेले.

ताईने नवी वही घातली. तीत ती मेलेलं करडूही लिहू लागली. पांढऱ्या आणि ठिपक्यांच्या शेळ्यांच्या मध्ये तिने कुंपण घातलं. पुढच्या वर्षी दोन दिवसांच्या प्रवासावर एका म्हाताऱ्याकडे त्याच जातीचा बोकड असल्याचं कळलं. ती स्वतः गेली, दोन शुद्ध पाठी, म्हणजे न व्यालेल्या तरण्या शेळ्या, देऊन बोकड घेऊन आली. पहिल्या वेतात सात करडं झाली, पाच जगली. पाच म्हणजे जात वाचली का, असं तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एवढ्यात काही सांगता येत नाही.